भूर्जपत्र, कागद आणि एका मुलाचा प्रश्न

मी शाळेत उर्दू शिकवते आणि मराठीही शिकवते. एका तासाला उजवीकडून डावीकडे आणि दुसऱ्या तासाला डावीकडून उजवीकडे फळा भरणं ही माझी रोजची कसरत. दोन्ही भाषांचे शब्द एकमेकांच्या घरी किती सहज जेवून येतात, हे मुलांना दाखवण्याचा मला छंद आहे. मागच्या वर्षी नववीच्या मराठीच्या तासाला ‘पोथी’ हा शब्द आला. पोथी म्हणजे काय, ती कशावर लिहीत, हे सांगताना नुसतं तोंडाने सांगून काय उपयोग, म्हणून मी बाजारातल्या पूजासाहित्याच्या दुकानात गेले आणि भूर्जपत्र मागितलं. दुकानदाराने सहज विचारलं, “यंत्रासाठी का ताईतासाठी?” त्याच्याकडे दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं येत असणार. मी म्हटलं, “वर्गासाठी.” त्याने छोट्या प्लास्टिकच्या पिशवीतला तळहाताएवढा तुकडा काढून दिला.

तो तुकडा वर्गात हातोहात फिरला. फिकट बदामी रंग, आडव्या बारीक रेघा, कडेने कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटलेले पदर. मुलांनी वास घेऊन पाहिला, उजेडात धरून पाहिला. मग शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. हुशार, वाचणारा, कमी बोलणारा. खाली मान घालून त्याने विचारलं, “मॅडम, असली पुस्तकं आपल्या लोकांनी जाळली ना?”

‘आपल्या लोकांनी’ म्हणताना त्याचा आवाज जरासा खाली गेला. त्याच्या मोबाइलवर काय काय येत असेल याचा अंदाज मला होता. वर्ग शांत झाला. काही मुलं माझ्याकडे बघत होती, काही त्याच्याकडे. “नाही रे बाळा, सगळं खोटं आहे,” असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण ते खरं नव्हतं. “हो” म्हणणंही खरं नव्हतं. मी म्हटलं, “पुढच्या आठवड्यात सांगते.” त्या आठवड्यात जे वाचलं, आधी वाचलेलं जे पुन्हा तपासलं, ते इथे लिहिते आहे.

आधी झाडाविषयी. भूर्ज हे हिमालयातलं झाड. साधारण तीन हजार मीटरच्या वर, जिथे देवदार मागे पडतो आणि त्यानंतर नुसतं गवत आणि बर्फच उरतं, तिथे ते उभं असतं. म्हणजे जंगलाच्या अगदी शेवटच्या ओळीत. १८२५ साली डेव्हिड डॉन या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला ‘बेट्युला युटिलिस’ असं नाव दिलं. ‘युटिलिस’ म्हणजे उपयोगी. त्याची साल पातळ पदरांनी बनलेली असते आणि हे पदर एकेक करून अलगद सोलता येतात. सालीत बेट्युलिन नावाचं द्रव्य असतं, ते पाण्याला आणि बुरशीला दाद देत नाही. म्हणून साल कुजत नाही. काश्मीरमध्ये घरांच्या मातीच्या छपराखाली हीच साल अंथरत, म्हणजे बर्फ वितळलं तरी पाणी आत झिरपत नसे. सुफींच्या लाकडी खानकाहांची जुनी छपरंही अशीच असत. काश्मिरीत या झाडाला बुर्ज म्हणतात. श्रीनगरजवळ ‘बुर्जहोम’ नावाचं नवाश्मयुगीन वसाहतीचं ठिकाण आहे, त्याचा अर्थच भूर्जांची जागा. तेव्हा लेखनाच्या कितीतरी आधीपासून हे झाड माणसाच्या डोक्यावर छप्पर म्हणून होतं.

नावाचीही गंमत पाहा. संस्कृत ‘भूर्ज’, इंग्रजी ‘बर्च’, रशियन ‘बेर्योझा’ ही एकाच मूळ शब्दाची पिल्लं आहेत. हजारो मैल दूर गेलेल्या माणसांनी आपल्याबरोबर या झाडाचं नाव नेलं.

आणि याच कुळातल्या दुसऱ्या एका झाडाने आपल्या भाषेत भलतीच घुसखोरी केली आहे. वनस्पतिशास्त्रात भूर्जाच्या कुळात सहा प्रजाती-गट धरतात. त्यांत भूर्ज आहे, आल्डर आहे, आणि हेझलनट म्हणून आपण चॉकलेटमध्ये खातो त्या फळाचं झुडूपही आहे. या फळाला अरबीत ‘बुंदुक’ म्हणतात. मूळ शब्द ग्रीक, काळ्या समुद्राकाठच्या पोंतस प्रांतावरून आलेला. बुंदुक गोल, टणक आणि लहान. म्हणून धनुष्यातून मारायच्या मातीच्या गोळीलाही बुंदुक म्हणू लागले. असं धनुष्य बाळगणारा अधिकारी तो बुंदुकदार. इजिप्तचा प्रसिद्ध मामलूक सुलतान बैबर्स हा ‘अल-बुंदुकदारी’ म्हणवला जाई, कारण तरुणपणी तो अशाच एका अधिकाऱ्याचा गुलाम होता. पुढे दारूगोळा आला, गोळी शिशाची झाली, आणि नाव त्या हत्याराला चिकटलं. आपली मराठी ‘बंदूक’ ती हीच. एकाच कुळातल्या एका झाडाच्या सालीवर वेद आणि बुद्धवचनं लिहिली गेली, आणि दुसऱ्याच्या फळावरून बंदुकीचं नाव पडलं. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलं खूप हसली.

आता पोथीकडे येऊ. भूर्जपत्रावर लिहिण्याची तयारी कशी करत, याचं एक उत्तम वर्णन आपल्याला एका मुसलमान विद्वानाने दिलं आहे. अबू रैहान अल-बिरुनी (९७३–१०४८) मूळचा ख्वारिज्मचा, मध्य आशियातला. महमूद गझनवीच्या काळात तो हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला, पंडितांजवळ बसला आणि १०३० च्या सुमारास त्याने ‘किताब-उल-हिंद’ लिहिलं. त्यात तो सांगतो की दक्षिणेकडचे लोक ताडपत्रावर लिहितात, पण मध्य आणि उत्तर भागात ‘तूझ’ झाडाची साल वापरतात, तिला भूर्ज म्हणतात. तूझ हा शब्द त्याला घरचाच होता, कारण त्याच्याकडे हीच साल धनुष्याला गुंडाळत. हातभर लांब आणि पसरलेल्या बोटांएवढा किंवा त्याहून अरुंद तुकडा घेतात, त्याला तेल लावून घोटतात, तो कडक आणि गुळगुळीत झाला की त्यावर लिहितात. पानं सुटी असतात, म्हणून त्यांवर क्रमांक घालतात. सगळी पानं कापडात गुंडाळून दोन फळ्यांमध्ये बांधतात. आणि अशा पुस्तकाला ‘पुथी’ म्हणतात, असं तो लिहून ठेवतो.

पुथी. म्हणजे माझ्या नववीच्या पुस्तकातला शब्द हजार वर्षांपूर्वी अरबी लिपीत नोंदवला गेला होता.

अल-बिरुनी ज्या सुलतानाच्या राज्यात राहत होता, त्याच्या स्वाऱ्यांनी या देशाची धूळधाण झाली हे तो लपवत नाही. त्यामुळेच हिंदूंच्या विद्या जिंकलेल्या मुलखातून निघून काश्मीर आणि बनारससारख्या दूरच्या ठिकाणी गेल्या, असं तो स्पष्ट लिहितो. आणखी एक नोंद करतो. त्याच्या थोडंसं आधी काश्मीरच्या वसुक्र नावाच्या ब्राह्मणाने वेद लिहून काढण्याचं काम हाती घेतलं होतं. वेद तोंडपाठ करायचे, लिहायचे नाहीत, अशी परंपरा. पण ते विसरले जातील या भीतीने वसुक्राने ती मोडली.

हे वाचताना मला आपलीच एक आठवण झाली. कुरआनही आधी हाफिजांच्या छातीत होतं. खजुराच्या झावळ्यांचे दांडे, पातळ दगड, चामडं, जनावरांच्या खांद्याची हाडं यांवर आयती लिहिलेल्या होत्या. यमामाच्या लढाईत बरेच हाफिज शहीद झाले तेव्हा हजरत उमर (रजि.) यांना काळजी वाटली आणि हजरत अबू बकर (रजि.) यांच्या सांगण्यावरून हजरत जैद बिन साबित (रजि.) यांनी ते सगळं गोळा करून एकत्र केलं. पाठ करणारी माणसं गेली तर शब्द जाईल, ही काळजी मदिनेतही होती आणि काश्मीरमध्येही.

भूर्जपत्रावरची पुस्तकं किती टिकली? विसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटिश लायब्ररीत मातीच्या रांजणांसह आलेल्या गांधार भागातल्या बौद्ध गुंडाळ्या सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. आपल्या उपखंडातल्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत त्या मोडतात. १८९० साली बॉवर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला मध्य आशियात कुचाजवळ भूर्जपत्रावरची वैद्यकाची पोथी मिळाली, तिच्यात लसणाचे गुण सविस्तर सांगितले आहेत. १८८१ साली पेशावरच्या बाजूला, मर्दानजवळच्या बख्शाली गावात जमीन खणताना गणिताची पोथी निघाली. सत्तर पानं वाचली. तिच्यात शून्यासाठी ठिपका वापरला आहे. २०१७ साली तिच्या तीन पानांची कार्बन चाचणी झाली, तर तीन वेगवेगळ्या शतकांची उत्तरं आली, आणि विद्वानांचा वाद सुरू झाला. १९३१ साली गिलगिटजवळ गुराख्यांना एका पडक्या स्तूपात बौद्ध पोथ्यांचा साठा सापडला. त्यांतला मोठा भाग आज दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

ज्या गावांत आणि कुरणांत या पोथ्या निघाल्या तिथे शतकानुशतकं मुसलमान वस्ती होती. सापडलेल्यातलं काही हाताळताना मोडलं, काही विकलं गेलं, काही जपलं गेलं. ज्यांना त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं अशा माणसांच्या हातून ते जगापुढे आलं.

आता तो अवघड भाग. त्या मुलाचा प्रश्न.

काश्मीरचा सुलतान सिकंदर (राज्यकाळ १३८९–१४१३) याच्या काळात मंदिरं पाडली गेली, ब्राह्मणांचा छळ झाला. सिकंदरच्या मुलाच्याच दरबारातल्या जोनराज आणि श्रीवर या संस्कृत इतिहासकारांनी या काळाबद्दल लिहिलं आहे, आणि सिकंदरने गवत जाळावं तसे ग्रंथ जाळले असं श्रीवर सांगतो. या धोरणामागे सूहभट्ट नावाचा, ब्राह्मणाचा मुसलमान झालेला मंत्री होता, असं जोनराज म्हणतो. आपल्यातले काही जण या सूहभट्टाचं नाव सापडल्यावर सुटकेचा श्वास सोडतात. मला ते पटत नाही. हुकूम चालतो तो सुलतानाचा, आणि जबाबदारीही त्याचीच.

म्हणून पहिलं उत्तर: हो बेटा, जाळली गेली. हे लपवून आपली इज्जत वाढत नाही.

पण इतिहास तिथे थांबत नाही. त्याच सिकंदरचा मुलगा झैन-उल-आबिदीन १४२० मध्ये गादीवर आला आणि त्याने पन्नास वर्षं राज्य केलं. काश्मिरी लोक त्याला अजून ‘बुडशाह’, थोर बादशाह म्हणतात. श्रीभट्ट नावाच्या वैद्याने त्याला एका दुखण्यातून बरं केलं, तेव्हा त्या वैद्याने स्वतःसाठी काही न मागता आपल्या लोकांसाठी मागितलं, अशी हकिकत आहे. बुडशाहने जिझियाचा बोजा उतरवला, पळून गेलेल्या ब्राह्मणांना परत बोलावलं, बाहेर गेलेल्या संस्कृत पोथ्या परत मिळवल्या. त्याच्या दरबारात संस्कृतातून फारसीत आणि फारसीतून संस्कृतात भाषांतरं झाली. जोनराजाला त्यानेच राजतरंगिणी पुढे लिहायला सांगितलं. म्हणजे बापाच्या काळातल्या अत्याचाराची नोंद ज्या ग्रंथात आहे, तो ग्रंथ मुलाने लिहवून घेतला आहे. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

याच बुडशाहने समरकंदहून कागद बनवण्याची आणि पुस्तकबांधणीची कला काश्मीरात आणली, असं इतिहासकार सांगतात. काश्मिरी कागद पुढे इतका नावाजला की हिंदुस्थानभर त्याला मागणी होती. आणि भूर्जपत्राला खरी ओहोटी लागली ती यामुळे. १५८६ मध्ये अकबराने काश्मीर घेतल्यानंतर कागद सर्वत्र झाला आणि भूर्जपत्र तयार करण्याची कलाच विसरली गेली, असं पुढे गेऑर्ग ब्यूलर या जर्मन पंडिताला आढळलं. सालीचा तुकडा हातभर, शिवाय कडा सुटणारा. कागद हवा तेवढा, हवा तसा. पंडितांनीही आनंदाने कागद घेतला आणि त्यावर शारदा लिपीत शास्त्रं लिहिली.

हा ब्यूलर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायचा. १८७५ साली तो मुंबई सरकारच्या वतीने पोथ्या शोधायला काश्मीरात गेला. त्याच्या अहवालातले दोन तपशील मला विसरता येत नाहीत. एक म्हणजे शाई. बदामाच्या टरफलांचा कोळसा गोमूत्रात उकळून ती करत. पाण्याने ती पुसली जात नसे, त्यामुळे भूर्जाची पोथी मळली तर चक्क धुता येई. दुसरा तपशील बांधणीचा. अल-बिरुनीने पाहिलेली पोथी सुट्या पानांची, दोन फळ्यांमधली. पण ब्यूलरला काश्मीरात मिळालेल्या भूर्जपोथ्या आपल्या किताबांसारख्या होत्या, पानं शिवून चामड्यात बांधलेल्या. हिमालयातली साल, शारदा लिपी, वेदाचे मंत्र, आणि बाहेरून मुसलमानी पद्धतीची चामड्याची जिल्द. चामड्याच्या बांधणीने सालीची पानं खराब होतात, हेही तितकंच खरं. पण ज्या पंडिताने ती पोथी बांधून घेतली, त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

ब्यूलरने आणलेल्या पोथ्या पुण्यात डेक्कन कॉलेजात आल्या आणि तिथून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत. भूर्जपत्रावरचा, शारदा लिपीतला ऋग्वेद तिथे आहे. इतर प्रतींत न मिळणारी बरीच खिलसूक्तं या पोथीमुळे अभ्यासकांच्या हाती आली. संस्थेतल्या ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांची २००७ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृती म्हणून नोंद केली, त्यांत ही एक. विष्णु सीताराम सुकथनकरांनी महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हाही काश्मीरातून आलेल्या भूर्जपत्रावरच्या शारदा प्रतीला मोठं वजन दिलं. झाड हिमालयाचं, पण त्याची पानं वाचण्याचं मोठं काम आपल्या महाराष्ट्रात झालं.

आणि हेही मुलांना सांगितलं, की जानेवारी २००४ मध्ये याच संस्थेवर जमाव चालून गेला आणि पुस्तकांची, हस्तलिखितांची नासधूस झाली. १२५८ मध्ये मंगोलांनी बगदादची ग्रंथालयं बुडवली. १४९९ मध्ये ग्रानाडात अरबी पुस्तकांची होळी झाली. पुस्तकं नष्ट करणाऱ्यांची एक जात किंवा एक धर्म नसतो. पण हे वाक्य आपल्या माणसांची चूक झाकण्यासाठी वापरायचं नाही. आधी आपल्या घरातलं कबूल करायचं आणि मग हे म्हणायचं.

मुलांना मी दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यालाही घेऊन गेले. तुघलकाने राजधानी देवगिरीला आणली तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या कारागिरांचं हे गाव, अशी तिथली परंपरा सांगते. हौदातल्या लगद्यात जाळी बुडवून कारागीर कागदाचा ओला ताव उचलतो, तो वाळला की घोटून गुळगुळीत करतात. अल-बिरुनीने भूर्जाबद्दल लिहिलं होतं तेच घोटणं. पुण्याच्या कसब्यातही कागदीपुरा आहे. जुन्नरचा कागद पेशवाईच्या दप्तरांत भरलेला आहे. शिवकाळापासूनची मराठी पत्रं, संतांच्या गाथांच्या वह्या, जमिनीच्या सनदा, हे सगळं अशाच हातकागदावर राहिलं, आणि तो करणारे बहुतेक मुसलमान कागदी होते. ‘कागद’ फारसी, ‘शाई’ फारसी, ‘दौत’ अरबी, ‘कलम’ अरबी. ‘पोथी’ मात्र आपली जुनीच. या पाच शब्दांत एका लिहिणाऱ्या माणसाचं सगळं सामान येतं, आणि ते कोणाकडून काय आलं असं वेगळं काढू गेलं तर लिहिणंच थांबेल.

शेवटी त्या झाडाचं काय झालं? गंगोत्रीच्या वर गोमुखाच्या वाटेवर भोजबासा नावाची जागा आहे, भूर्जांची वस्ती. नाव राहिलं, झाडं फारशी राहिली नाहीत. यात्रेकरू, तंबू, चुली. थंडीत जळण म्हणून भूर्ज तोडला गेला. हे झाड सावकाश वाढतं, त्यामुळे गेलेलं लवकर भरून येत नाही. गिर्यारोहक हर्षवंती बिश्त यांनी १९९० च्या दशकात तिथे रोपवाटिका काढून भूर्ज पुन्हा लावायला सुरुवात केली. आता ऊन वाढतंय, बर्फ मागे सरकतंय, आणि जंगलाच्या शेवटच्या ओळीत उभ्या असलेल्या झाडाला वर सरकायला जागा कमी आहे. मी वर्गासाठी विकत घेतलेला तुकडाही कोणत्या तरी झाडाच्या अंगावरून सोलून आला असणार. पुन्हा विकत घेणार नाही. तो एकच पुरे आहे. तो आता काचेखाली लावून वर्गात ठेवला आहे.

आठवड्याने मी हे सगळं सांगितलं, थोडं थोडं, दोन तासांत. शेवटी त्या मुलाला विचारलं, “मिळालं उत्तर?”

तो म्हणाला, “मॅडम, म्हणजे जाळणारेपण आपलेच आणि परत आणणारेपण आपलेच.”

मी म्हटलं, “हो. आणि लिहिणारेपण.”

त्याला ते लगेच कळलं नसावं. त्याने तुकड्याकडे पाहिलं, मग विचारलं, “मी याच्यावर काही लिहू शकतो का?” मी म्हटलं, त्यावर नको, वहीत लिही. त्याने वहीत एकाखाली एक दोनदा ‘पोथी’ लिहिलं, वर देवनागरीत आणि खाली उर्दूत.